नऊ हिस्सेदारांचा समुद्र

सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढायचा, या एका प्रश्नावरून किती भाऊबंदांत अबोला पडला आहे, याची नोंद कुठल्याही सातबाऱ्यावर सापडायची नाही. पाणी उपसायच्या पाळीला सगळे वेळेवर हजर. गाळ काढायच्या दिवशी मात्र थोरल्याची पाठ धरते, मधल्याची नेमकी तालुक्याला तारीख निघते आणि धाकटा म्हणतो, माझी जमीन सगळ्यांत कमी, मग खर्च बरोबरीचा का?

वाचकहो, आज ज्या विहिरीची हकिकत सांगणार आहे, तिचे हिस्सेदार भाऊ नाहीत, देश आहेत. एक-दोन नव्हे, चांगले नऊ. विहीर म्हणजे युरोपच्या उत्तरेचा बाल्टिक समुद्र. तुम्ही म्हणाल, कुठला तो बर्फाळ समुद्र आणि कुठली आमची जिरायत! पण थोडा धीर धरा. त्या समुद्राचे दुखणे निघाले शेतातल्या खतातून आणि गोठ्यातल्या शेणातून. म्हणजे हकिकत आपल्याच जातभाईंची आहे.

आधी समुद्र कसा आहे ते पाहू. नकाशा असेल तर मुलांना काढायला सांगा. स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड, जर्मनी आणि डेन्मार्क हे नऊ देश त्याच्या काठावर गोलाकार बसले आहेत, शेकोटीभोवती बसावे तसे. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठे. पण खोली सरासरी ५५ मीटरच. आपल्या हिशेबाने सुमारे तीस परस. आपल्याकडच्या बोअरवेल त्याहून खोल जातात! बाहेरच्या महासागराशी त्याचा संबंध येतो तो डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या अरुंद, उथळ वाटांनी. त्यामुळे आतले सगळे पाणी एकदा बदलायला सुमारे तीस वर्षे लागतात. आज त्यात जे पडले ते एक पिढीभर तिथेच राहिले, असे समजा.

दोनशेहून अधिक नद्या त्यात येऊन मिळतात. म्हणून वरचे पाणी निमखारे. मध्यभागी वरच्या पाण्याचा खारेपणा महासागराच्या पाचव्या हिश्शाएवढाच भरतो. बाहेरचे खारे पाणी जड, ते वादळवाऱ्याच्या रेट्याने अधूनमधून आत घुसते आणि तळाशी बसते. वर हलके, खाली जड, आणि दोन्ही सहसा मिसळत नाहीत. हवेतला प्राणवायू वरच्या थरात विरघळतो, खाली पोहोचत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

या समुद्राचे पाणलोट क्षेत्र त्याच्या चौपट आहे, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या निम्म्याहून थोडे अधिक. त्यात सुमारे साडेआठ कोटी माणसे राहतात. जवळजवळ सगळा पोलंड देश या पाणलोटात येतो. आणि ज्यांना समुद्रकिनारा नाही अशा बेलारूस, चेक प्रजासत्ताक यांसारख्या देशांचेही पाणी तिकडेच उतरते. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही, त्याच्याही बांधावरून गेलेले पाणी शेवटी समुद्रात जाते. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. सातारचा ओढा आणि नाशिकची ओहळी बंगालच्या उपसागराला मिळतात, हे आपण भूगोलात शिकलो आणि विसरलो.

तर या समुद्राचे पहिले दुखणे पक्ष्यांनी सांगितले. तिथे पांढऱ्या शेपटीचा मोठा समुद्रगरुड असतो. १९६० च्या दशकात त्याची अंडी उबण्याआधीच फुटू लागली, पिल्ले निघेनात. कवच पातळ पडत होते. कारण निघाले डी.डी.टी.; तीच पावडर, जी आपल्याकडे हिवतापासाठी घराघरांतून फवारली गेली. १९६६ साली सोरेन येन्सेन हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मासे आणि गरुड यांच्यात डी.डी.टी. शोधत असता त्याला आणखी एक अनोळखी विष सापडले. ते होते पी.सी.बी., विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरले जाणारे रसायन. पुढे कळले, की या विषामुळे सील माद्यांना पिल्ले होईनाशी झाली आहेत. एका देशाने ते वापरले आणि दुसऱ्याच्या किनाऱ्यावरचा सील वांझ झाला. आता भांडायचे कोणाशी?

भांडायला तर ते देश मोकळेच होते. १९७० च्या सुमारास या समुद्राच्या काठावर जगातले सगळ्यांत मोठे वैर समोरासमोर उभे होते. एका अंगाला सोव्हिएत रशिया, पोलंड आणि पूर्व जर्मनी. दुसऱ्या अंगाला पश्चिम जर्मनी आणि डेन्मार्क. स्वीडन आणि फिनलंड मधले. समुद्राखालून पाणबुड्या फिरत होत्या. दोन जर्मन्यांनी एकमेकींना ओळख दाखवून फार दिवस झाले नव्हते. अशा मंडळींना फिनलंडने हेलसिंकी शहरी बोलावले आणि २२ मार्च १९७४ रोजी सात देशांनी एकाच कागदावर सह्या केल्या. एका समुद्रात जमिनीवरून, जहाजांवरून आणि हवेतून येणारी सगळी घाण एकाच करारात घेण्याचा जगातला हा पहिला प्रकार. देखरेखीला एक आयोग नेमला, त्याचे नाव हेलकॉम.

सह्या झाल्या म्हणजे काम झाले असे नव्हे, हे ग्रामपंचायतीचे ठराव पाहिलेल्यांना सांगायला नको. करार प्रत्यक्ष अमलात यायला ३ मे १९८० उजाडला. सहा वर्षे! शिवाय त्यात एक मोठे भोक होते. आमच्या किनाऱ्याच्या आतल्या पाण्यात कोणी डोकवायचे नाही, अशी देशांची भूमिका. त्यामुळे खाड्या आणि बंदरांजवळचे पाणी कराराबाहेर राहिले. म्हणजे विहिरीचा करार झाला, पण विहिरीत येणाऱ्या चारीकडे बघायचे नाही! हे भोक बुजले ते १९९२ च्या नव्या करारात. सोव्हिएत संघ तोपर्यंत मोडला होता, दोन जर्मन्या एक झाल्या होत्या, हिस्सेदार सातांचे नऊ झाले होते आणि युरोपचा संघही सामील झाला. या वेळी आतले पाणी आणि सगळे पाणलोट क्षेत्र करारात आले. तो करार २००० साली लागू झाला.

हेलकॉमजवळ फौजदार नाही. दंडाची पावती नाही. प्रत्येक देशाला एक मत, ठराव एकमताने, आणि तोही शिफारस म्हणून. ऐकून हसू येईल. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात म्हटले, असल्या पंचांना कोण विचारतो? पण त्यांनी एक गोष्ट चिकाटीने केली, ती म्हणजे मोजणी. सगळ्यांनी एकाच पद्धतीने पाणी तपासायचे, नदीतून किती नत्र आले, किती स्फुरद आले ते लिहायचे आणि सगळ्यांसमोर मांडायचे. चारचौघांत आपल्या नावापुढचा आकडा वाचला जाणे ही साधी शिक्षा नाही. १९९२ साली त्यांनी सगळ्या समुद्राकाठच्या घाणीच्या जागांची यादी केली. शंभराहून अधिक नावे होती. त्यांतील बहुतेक पुढे एकेक करून खोडली गेली.

त्या यादीतले एक नाव होते सेंट पीटर्सबर्ग, रशियाचे सुमारे ५० लाख वस्तीचे शहर, नेवा नदीच्या मुखाशी. १९७८ पर्यंत या शहराचे सांडपाणी कसलीही प्रक्रिया न होता समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात जात होते, आणि त्याच फाट्याच्या पलीकडच्या काठावर फिनलंड. फिनलंडने आपल्या शहरांचे पाणी केव्हाच शुद्ध करायला घेतले होते. आपले उरलेसुरले थोडे स्फुरद काढायला जितका पैसा लागेल, तितक्यात शेजारच्या शहराचे कितीतरी अधिक निघेल, हा हिशेब त्यांनी मांडला आणि फिनलंड-स्वीडनने आपला पैसा रशियातल्या सांडपाणी केंद्राला दिला. २००५ साली त्या शहराच्या नैर्ऋत्येचे मोठे केंद्र सुरू झाले. शेजाऱ्याच्या मोरीला आपल्या खिशातून सिमेंट! आपल्या गावात असे कोणी केले, तर लोक त्याला वेडा म्हणतील. पण विहीर सामाईक असली, की शेजाऱ्याची मोरीही थोडी आपलीच होते.

आता येऊ मुख्य दुखण्याकडे, म्हणजे शेतीकडे. शहराचे सांडपाणी एका नळातून येते. नळाला तोंड असते, तोंडाला झाकण लावता येते. शेताला तोंड नसते. लाखो हेक्टरांवरून थेंब थेंब निघणारे पाणी कुठे अडवणार?

आपण पिकाला नत्र-स्फुरद घालतो ते पीक वाढावे म्हणून. पिकाने घेतले नाही ते पावसाबरोबर ओढ्यात जाते. नत्र पाण्यात विरघळून जाते, स्फुरद मातीच्या कणाला चिकटून. समुद्रात गेल्यावरही खत आपला गुण सोडत नाही. तिथे ते शेवाळ वाढवते. उन्हाळ्यात बाल्टिकवर निळे-हिरवे शेवाळ इतके माजते, की आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत त्याचे हिरवे भोवरे दिसतात. त्यातले काही विषारी असते, पोहायला बंदी होते. गंमत पाहा, याच कुळातले शेवाळ आपल्याकडे भातखाचरात मुद्दाम सोडतात, कारण ते हवेतले नत्र बांधते. खाचरात जे खत, तेच समुद्रात संकट.

हे शेवाळ मरून तळाशी जाते आणि कुजते. कुजायला प्राणवायू लागतो, आणि खालच्या पाण्यात तो मुळातच कमी. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले ते हेच. प्राणवायू संपला, की तळावरचे जीव मरतात किंवा पळतात. या समुद्राचा सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर तळ असा गुदमरलेला आहे, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि याहून वाईट असे, की प्राणवायू नसला म्हणजे गाळात धरून ठेवलेले जुने स्फुरद सुटून परत पाण्यात येते आणि नवे शेवाळ पोसते. बापाने चाळीस वर्षांपूर्वी टाकलेले जादा खत मुलाच्या काळात वर येते ते असे.

कॉड मासा तिथल्या कोळ्यांचा मोठा आधार होता. त्याची अंडी खालच्या खाऱ्या पाण्यात तरंगतात, वरच्या निमखाऱ्या पाण्यात बुडून जातात. म्हणून ती नेमकी त्याच थरात असतात जिथे प्राणवायूची टंचाई. अतिमासेमारी झालीच होती, त्यात हे. २०१९ साली पूर्व बाल्टिकमधली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. जाळी गुंडाळून घरी बसलेल्या कोळ्याने शेतकऱ्याकडे बोट दाखवले, तर शेतकऱ्याने काय म्हणावे?

डेन्मार्कमध्ये हा प्रश्न आधीच पेटला होता. १९८६ साली तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात मेलेले शेवंड आले आणि ते दृश्य दूरदर्शनवर घरोघरी दिसले. या देशात माणसांपेक्षा डुकरे जास्त. त्यांच्या मलमूत्राची पातळ स्लरी, गोबरगॅसच्या कुंडीतून निघते तशी, शेतात सोडली जायची. लोक खवळले. १९८७ साली सरकारने ठरवले, की वाहून जाणारे नत्र निम्म्यावर आणायचे आणि स्फुरद ८० टक्क्यांनी घटवायचे. मग शेतकऱ्यामागे नियमांची रांग लागली. नऊ महिन्यांची स्लरी मावेल एवढी टाकी बांधा. हिवाळ्यात रान उघडे टाकू नका, काहीतरी हिरवे पेरा. खताचा हिशेब दरवर्षी लिहून द्या. पुढे तर पिकाला परवडेल त्याहूनही कमी नत्र घालायची सक्ती आली.

शेतकऱ्यांनी ते वर्षानुवर्षे पाळले. वाहून जाणारे नत्र खरोखर निम्म्याच्या आसपास आले. पण त्यांची तक्रारही खोटी नव्हती. गव्हातली प्रथिने घटली, भाव पडला, भार आम्ही उचलायचा आणि समुद्र सगळ्यांचा, असे ते म्हणत राहिले. शेवटी २०१५ च्या अखेरीस सरकारने ती जादा कपात काढून घेतली. त्यावर पर्यावरणवाले रागावले. २०२४ साली वायले नावाच्या खाडीकाठी लोकांनी मेलेल्या खाडीचा अंत्यविधी केला, आणि त्याच वर्षी देशाने शेतकरी संघटनांशी वाटाघाटी करून सुमारे दहा टक्के शेतजमीन मोबदला देऊन जंगल आणि निसर्गाकडे वळवायचे ठरवले. मला विचाराल तर डॅनिश शेतकऱ्याचे दुखणे मला कळते. नियम वरून येतो, टाकीचे कर्ज खाली राहते. जिथे सरकारने मोबदल्याची पिशवी आधी उघडली, तिथे काम लवकर झाले.

करारातही शेतीचे कलम आहे. शेणखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोहून अधिक नत्र घालायचे नाही, म्हणजे एकरी सुमारे ६९ किलो. गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या जमिनीवर खत टाकायचे नाही, कारण बर्फ वितळला की ते सरळ ओढ्यात. २००७ साली पोलंडच्या क्राकोव्ह शहरी सगळ्यांनी मिळून दरवर्षी किती कमी करायचे ते टनांत वाटून घेतले: नत्र १,३५,००० टन, स्फुरद १५,२५० टन. स्फुरदाचा निम्म्याहून अधिक वाटा पोलंडवर आला. माणसेही तिथे सर्वांत जास्त, शेतीही मोठी. धाकट्याने गाळाचा जास्त हिस्सा उचलावा तसे ते झाले, आणि कुरकुर व्हायची ती झालीच. २०२१ पर्यंत समुद्र निरोगी करायचा वायदा होता. तो पाळला गेला नाही. मुदत २०३० पर्यंत वाढवली.

एक प्रयोग मात्र सविस्तर सांगतो, कारण त्यातली वस्तू तुमच्या ओळखीची आहे. जिप्सम. आपण ते चोपण जमिनीला घालतो, भुईमुगाला आऱ्या सुटताना देतो. फिनलंडच्या नैर्ऋत्येला चिकण मातीची शेते आहेत. २०१६ साली सावियोकी या ओढ्याच्या पाणलोटात ५५ शेतकऱ्यांनी सुमारे १,५५० हेक्टरांवर हेक्टरी चार टन जिप्सम पसरले. एकरी सुमारे सोळा क्विंटल. हे जिप्सम स्फुरदयुक्त खत तयार करताना कारखान्यात उरते तेच, आणि त्याचा खर्च प्रकल्पाने केला. जिप्समने चिकण मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पावसाने धूप कमी होते आणि कणाला चिकटलेले स्फुरदही रानातच राहते. पिकाला ते मिळते, ओढ्याला मिळत नाही. वाहून जाणारे स्फुरद जवळपास निम्म्याने घटले आणि गुण काही वर्षे टिकतो असे दिसले. उत्पन्नाला धक्का नाही. एक पथ्य आहे: ज्या शेताचे पाणी गोड्या तलावात जाते तिथे हे चालत नाही, जिप्सममधल्या गंधकाचा तलावाला त्रास होतो. समुद्रात ते गंधक आधीच भरपूर असते. पुढे फिनलंड सरकारने हाच प्रयोग आपल्या खर्चाने मोठ्या क्षेत्रावर नेला. शेतकऱ्याला कमी पिकव असे न सांगता समुद्राचे काम झाले, म्हणून मला हा प्रयोग सगळ्यांत आवडला.

एवढ्या पन्नास वर्षांत हाती काय लागले, असे विचाराल तर उत्तर अर्धे गोड आहे. समुद्रगरुड परत आला, त्याच्या घरट्यांत पिल्ले दिसू लागली. राखाडी सील १९७० च्या दशकाअखेर काही हजारांवर आले होते, ते आता तीस हजारांवर गेले आहेत. आता ते जाळ्यातले मासे खातात म्हणून कोळी उलट तक्रार करतात! नद्यांतून येणारे खत १९८० च्या दशकापेक्षा बरेच कमी झाले. पण शेवाळाचे दुखणे अजून समुद्राच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागाला आहे. विष बंद केले तर पक्षी वीस वर्षांत सावरला. तळातला खताचा साठा तसा सावरत नाही.

आणि पंचायत पुन्हा मोडायला आली आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियासोबतच्या औपचारिक बैठका थांबल्या. करार मोडला नाही. बाकीचे आठ देश आणि युरोपचा संघ आपसांत काम पुढे रेटू लागले. १९७४ साली वैरी एका टेबलाशी बसले होते, पन्नास वर्षांनी ते टेबल अपुरे पडले. नेवा नदीला हे ठाऊक नाही. ती सेंट पीटर्सबर्गवरून वाहत फिनलंडच्या समोरच येते.

आपल्याकडे, म्हणजे हिंदी महासागराच्या या बाजूला, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९९५ साली नवी दिल्लीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या पाच देशांनी दक्षिण आशियाच्या समुद्रांसाठी एक कृती आराखडा मान्य केला. किती जणांना तो ठाऊक आहे, ते तुम्हीच आपल्या तालुक्यात विचारून पाहा.

सावियोकीच्या शेतांवर जिप्सम पडण्याच्या आदल्या वर्षी त्या ओढ्यातून जे पाणी समुद्रात गेले, त्यातले बरेचसे अजून बाल्टिकमध्येच आहे.